पांढरा गाळ, तपकिरी गाळ : दोन विभागांचं एक प्रॅक्टिकल सुरू करताना

२८ मार्चला आमच्या एसवायच्या (पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या) नव्या प्रॅक्टिकल कोर्सची परीक्षा झाली आणि संध्याकाळी घरी आल्यावर मी आधी जुनी डायरी उघडली. पहिली नोंद १४ ऑक्टोबर २०२४ ची. म्हणजे दीड वर्ष गेलं, आणि ते एका दोन क्रेडिटच्या, साठ तासांच्या कोर्ससाठी. मी ठाण्यातल्या एका स्वायत्त महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. हे सगळं सुरू करताना प्रयोगांची माहिती मला हवी तेवढी मिळाली. पण कोणता कागद कुणाकडे द्यायचा, वर्कलोड कुणाच्या नावावर धरायचा, बाटल्या किती मागवायच्या, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून तारखांसकट लिहून ठेवतेय.

त्या दिवशी बॉटनीच्या लॅबमध्ये मी फेविकॉल मागायला गेले होते. टेबलावर मुलांची जर्नलं पडली होती. तलावाच्या पाण्यातल्या शैवालांची सुरेख चित्रं, मोजणी, तापमान, पीएच. आणि एक रकाना सगळ्याच जर्नलांत रिकामा : विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ. मीटर बंद पडून दोन वर्षं झाली होती. भिंतीपलीकडे माझी मुलं त्याच वेळी पाण्याचा जडपणा काढत होती. ते पाणी आमच्या लॅबमधल्या मामांनी सकाळी मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून तयार केलेलं. ब्युरेटचं (द्रावण मोजून सोडायच्या काचेच्या नळीचं) रीडिंग किती यायला हवं हे मुलांना सीनियर्सच्या जर्नलांतून आधीच ठाऊक. एका बाजूला खरं पाणी होतं पण आकडा नव्हता. दुसऱ्या बाजूला आकडे होते, पण खरं पाणी नव्हतं.

डीओ काढायला मीटरच लागतो असं नाही. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये दिलेली टायट्रेशनची, म्हणजे रंग बदलेपर्यंत द्रावण मोजून घालायची पद्धत आजही चालते, आणि तिला लागणारं बहुतेक सामान कुठल्याही डिग्री कॉलेजात असतंच. बॉटनीच्या मॅडम माझी मैत्रीणच. तिला मी म्हटलं, "अगं, तुझा रकाना माझी मुलं भरतील." ती म्हणाली, "भरून देऊ नकोस. माझ्या मुलांना भरायला शिकव." या एका वाक्यामुळे साध्या मदतीचा कोर्स झाला.

कागदपत्रांचे महिने

नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून आंतरविद्याशाखीय हा शब्द प्रत्येक बैठकीत ऐकू येतो, त्यामुळे मंजुरी पटकन मिळेल असं वाटलं होतं. पहिली अडचण बास्केटची, म्हणजे कोर्स धोरणातल्या कुठल्या गटात बसवायचा याची आली. ओई (ओपन इलेक्टिव्ह) दुसऱ्या विद्याशाखेचा असावा लागतो आणि आम्ही दोघी विज्ञानाच्याच. व्हीएससी (व्होकेशनल स्किल कोर्स) मेजरशी, म्हणजे मुख्य विषयाशी जोडलेला हवा, पण इथे मेजर दोन. शेवटी स्किल एन्हान्समेंट कोर्समध्ये बसवला. याच प्रश्नात दोन बैठका गेल्या. तुम्ही असं काही करणार असाल तर अभ्यासक्रम लिहायच्या आधी बास्केट ठरवून घ्या. आमचा आराखडा त्यापायी दोनदा नव्याने लिहावा लागला.

१८ जानेवारी २०२५ ला दोन्ही विषयांच्या अभ्यास मंडळांच्या बैठका एकाच दिवशी ठेवून घेतल्या, सकाळी आमची, दुपारी त्यांची. हा निर्णय फार उपयोगी पडला. सकाळी सुचवलेला बदल दुपारच्या मसुद्यात लगेच घालता आला, नाहीतर दोन मंडळांनी दोन वेगळे अभ्यासक्रम मंजूर केले असते. आमच्या बैठकीत बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी एकच प्रश्न विचारला : "यात नवीन केमिस्ट्री काय आहे? विंकलर तर जुनाच." प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, रसायन जुनंच आहे, नमुना जिवंत आहे. त्यांनी थोडा विचार केला आणि एक अट घातली : प्रत्येक प्रयोगात मुलांनी पद्धतीची मर्यादा लिहायची. ही अट पुढे कोर्सचा कणा ठरली, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

२६ एप्रिलला अकॅडमिक कौन्सिलची मंजुरी मिळाली. मग वर्कलोड. दोन शिक्षक एकाच बॅचवर उभे राहिले तर तास कुणाचे? दोघींचे पूर्ण धरता येणार नाहीत असं सांगण्यात आलं. तीस तास माझे, तीस तिचे, असं कागदावर झालं आणि प्रत्यक्षात दोघी साठही तास उभ्या राहिलो. हे मी कौतुकासाठी लिहीत नाहीये. हा नियम बदलायला हवा. दोन विषयांचं प्रॅक्टिकल म्हणजे अर्धा-अर्धा शिक्षक, असा हिशेब चालला तर दुसऱ्या वर्षी कुणी पुढे येणार नाही.

खरेदीसाठी बेचाळीस हजारांचा प्रस्ताव होता, मंजूर झाले एकतीस हजार चारशे. तीन कोटेशन्स, कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट, खरेदी समिती हे सगळं जुलैमध्ये आटोपलं. ऑगस्टमध्ये खोकी उघडली तर बाटल्या १२५ मिलीच्या. आम्हाला बीओडीच्या (पाण्यातल्या जीवजंतूंना लागणारा ऑक्सिजन मोजायच्या) ३०० मिलीच्या हव्या होत्या. इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, आम्ही नुसतं "बीओडी बॉटल" लिहिलं होतं, आकारमान नाही. बदलून यायला पाच आठवडे गेले. आकारमान, काचेचं तिरकं घासलेलं बूच आणि बाटलीवर नंबर कोरलेला, या तिन्ही गोष्टी इंडेंटवर स्पष्ट लिहा. बूच आणि बाटली यांची जोडी फुटली की बाटली गेलीच म्हणून समजा.

रसायनांत सर्वांत महाग पोटॅशियम आयोडाइड. पण त्याचं अर्धा लिटर अल्कलाइन आयोडाइड (अल्कलीतलं द्रावण, नमुन्यात घालायच्या दोन रिएजंटपैकी एक) केलं की साधारण अडीचशे बाटल्यांना पुरतं, त्यामुळे घाबरू नका. आजच्या प्रमाणित कृतीत सोडियम अझाइडही घालतात, नायट्राइटचा अडथळा दूर करायला. ते आम्ही जाणूनबुजून टाळलं. अझाइड अतिशय विषारी, आम्लाशी गाठ पडली की विषारी वायू सोडतं, आणि तांब्या-शिशाच्या नळात साचलं तर स्फोटक संयुगं होतात. चोवीस मुलांच्या हातात ते देण्याची माझी तयारी नव्हती. मग नायट्राइटचं काय, ते पुढे येतंच.

दोघींची तालीम

दिवाळीची सुट्टी संपल्यावर, ९ नोव्हेंबरच्या रविवारी, आम्ही दोघी आणि मामा जवळच्या तलावावर गेलो. मुलांना नेण्याआधी स्वतः करून पाहायचंच, असं ठरलं होतं. बादलीने पाणी काढून बाटलीत ओतलं की बुडबुडे जातात आणि हवेतला ऑक्सिजन मिसळतो. त्यावर मामांनी तोडगा काढला. बादलीला तळाशी तोटी बसवली, तोटीला रबरी नळी, नळी बाटलीच्या बुडापर्यंत. बाटली भरून दोन-तीनदा वाहू द्यायची, मग बूच तिरकं सरकवून लावायचं. खर्च एकशे नव्वद रुपये. पाण्याची पारदर्शकता मोजायला सेकीची तबकडी लागते. ती आम्ही वीस सेंटिमीटरच्या स्टीलच्या थाळीची केली, चार पाकळ्या, दोन काळ्या, दोन पांढऱ्या.

त्या दिवशी एक चूकही झाली. या पद्धतीत रिएजंटनी धरलेल्या गाळात आम्ल घातलं की ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडिन सुटतं, स्टार्चने ते निळं दिसतं, आणि निळा रंग जाईपर्यंत ब्युरेटमधून थायोसल्फेट घालायचं. टायट्रेशनमध्ये स्टार्चचा निळा रंग गेला, मी रीडिंग लिहिलं, वळून पाहते तर फ्लास्क पुन्हा निळा. थायोसल्फेट घातलं, रंग गेला. अर्ध्या मिनिटात परत आला. मी तीनदा टायट्रेट करत बसले आणि रीडिंग उगाच वाढवलं. हा नायट्राइटचा खेळ. तो आयोडाइडमधून आयोडिन सोडतच राहतो. अझाइड नसेल तर निळा रंग पहिल्यांदा जाईल तेच रीडिंग धरायचं आणि रंग परत आल्याची नोंद करायची. मैत्रीण म्हणाली, "रंग परत आला म्हणजे पाण्यात काहीतरी कुजतंय, एवढं तर कळलं ना?" माझ्या दृष्टीने तो अडथळा होता, तिच्या दृष्टीने माहिती. पुढे मुलांच्या जर्नलमध्ये आम्ही "निळा परतला का?" असा वेगळा रकानाच घातला.

शनिवार सकाळी आठ

१३ डिसेंबर २०२५ ला कोर्स सुरू झाला. चोवीस मुलं, बारा केमिस्ट्रीची, बारा बॉटनीची. दोन-दोनच्या जोड्या आम्ही लावल्या, मिश्र. पहिले तीन शनिवार अवघड गेले. केमिस्ट्रीची मुलं ब्युरेट धरायची आणि बॉटनीची नुसती पाहात राहायची. सूक्ष्मदर्शकावर याच्या उलट. चौथ्या शनिवारी आम्ही नियम केला : ज्याचा विषय त्याने हात लावायचा नाही, तोंडाने सांगायचं. त्या दिवशी लॅबमध्ये जेवढा कलकलाट झाला तेवढा मी बारा वर्षांच्या नोकरीत ऐकला नव्हता. "अरे, मेनिस्कस खालून बघ!" "अगं, तो धूलिकण आहे, डायटम नाही!" पहिला तास वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. तो वाया जाऊ द्या.

खाडी, २४ जानेवारी

ठाणे खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. अभयारण्यात नमुने घ्यायचे तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते, तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता. म्हणून ऐरोली पुलाच्या वरच्या अंगाला, कोपरीकडच्या मीठबंदर परिसरात किनाऱ्यावरूनच घ्यायचं ठरवलं, कांदळवनात पाय न ठेवता. पत्रव्यवहार तरीही केला. एका कार्यालयात आमचा अर्ज "चुकीच्या टेबलावर" सात आठवडे पडून होता. आवक क्रमांक घेतलेला होता म्हणून तो सापडला. आवक शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय कुठल्याही खिडकीवरून हलू नका.

वेळ ठरवायला आम्ही भरती-ओहोटीचं छापील कोष्टक पाहिलंच होतं. पण चेंदणी कोळीवाड्यातल्या एका काकांनी मुलांना बोटांवर हिशेब शिकवला. "तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. काल वसंत पंचमी झाली ना? मग आज षष्ठी. सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. दुपारी साडेचारच्या सुमाराला भरती. इथे आत यायला अजून जरा वेळ लागतो." ओहोटी त्याआधी सहा तास, म्हणजे इथला जरा उशीर धरून अकराच्या आसपास. मुलांनी फोनवर ताडून पाहिलं, अर्ध्या तासाचाही फरक नव्हता. काकांचा हिशेब चोवीस जर्नलांत आहे.

अकरा वाजता ओहोटीचं पाणी घेतलं. काळसर, वास मारणारं. मँगनीज सल्फेट घातलं, अल्कलाइन आयोडाइड घातलं, बूच लावून बाटली उलटसुलट केली. पाण्यात ऑक्सिजन असेल तर इथे तपकिरी गाळ धरतो. जितका ऑक्सिजन जास्त तितका गडद. लॅबमध्ये सहा आठवडे मुलांनी चॉकलेटी गाळच पाहिला होता. आता बाटलीत पांढरे फुटीर ढग फिरत होते, दूध नासल्यासारखे. कडेला कुठे चहाचा थेंब पडावा इतकीच पिवळसर छटा.

"मॅडम, रिएजंट खराब झालं." सगळ्यांचं हेच मत. एका मुलीने मात्र सोबत आणलेल्या नळाच्या पाण्याच्या बाटलीत तेच रिएजंट घातलं. चार सेकंदांत तपकिरी. ती दोन बाटल्या दोन हातांत धरून उभी राहिली आणि कुणी काही बोललं नाही. मँगनीज हायड्रॉक्साइड मुळात पांढरंच असतं. त्याला तपकिरी करायला लागणारा ऑक्सिजन त्या पाण्यात जवळजवळ नव्हता. वर्गात हे समीकरण मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. असं दोन हातांत धरलेलं त्या दिवशी प्रथमच पाहिलं. नळाच्या पाण्याची एक बाटली नेहमी सोबत ठेवा.

पावणेपाचला भरतीचं पाणी घेतलं. गाळ स्पष्ट तपकिरी. मधल्या वेळात वडापाव खाताना वाद पेटला होता : एवढा ऑक्सिजन कमी, मग फ्लेमिंगो कसे येतात? बॉटनीच्या मॅडमनी उत्तर दिलं नाही, प्रश्नच विचारले. पक्षी श्वास कुठून घेतो? खातो काय? मलमूत्रातल्या पोषकद्रव्यांवर चिखलात काय वाढतं? गुलाबी थवा दिसला म्हणजे पाणी निरोगी, हे समीकरण मुलांनी स्वतःच खोडलं.

एक सुरक्षेची गोष्ट. सल्फ्युरिक आम्ल आम्ही किनाऱ्यावर नेलं नाही. दोन रिएजंट घालून नमुना तिथे "फिक्स" करायचा, बाटल्या पाण्याच्या टबात उभ्या ठेवून, बुचाभोवती पाणी राहील अशा, कॉलेजात आणायच्या आणि आम्ल लॅबमध्येच घालायचं. संहत आम्ल घेऊन मुलांना रिक्षात बसवणं मला पटत नाही. ओहोटीच्या नमुन्याचं रीडिंग आम्ही "लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी" एवढंच लिहिलं. वासावरून त्यात सल्फाइड असणार आणि सल्फाइड आयोडिन खातं, त्यामुळे दशांशापर्यंतचा आकडा देणं खोटं ठरलं असतं. पद्धतीची मर्यादा लिहा, ही तज्ज्ञांची अट इथे कामी आली.

ब्लँक की श्वास

७ फेब्रुवारीचा तलावावरचा प्रयोग माझ्यासाठी या सगळ्यातला सर्वांत मोलाचा. उजेडातली आणि अंधारातली बाटली. एकाच पाण्याच्या तीन बाटल्या भरायच्या. एक लगेच फिक्स करायची, ही सुरुवातीची. दुसरी बूच लावून तशीच, काही न गुंडाळता, आणि तिसरी काळ्या कपड्यात गुंडाळलेली, दोन्ही तीन तास पाण्यात एक फूट खोल टांगायच्या. उजेडातल्या बाटलीत शैवाल ऑक्सिजन तयारही करतं आणि सजीव तो वापरतातही. अंधारात नुसता वापर. आधी आम्ही फॉइल गुंडाळलं होतं, ते दोरीला घासून फाटलं. मग कळव्याच्या एका शिंपीकाकांनी जाड काळ्या कापडाच्या दुहेरी पिशव्या शिवून दिल्या, नगाला पंचवीस रुपये.

एका जोडीचे आकडे देते. सुरुवात ६.४, उजेडातली ९.१, अंधारातली ५.२, सगळे लिटरला मिलिग्रॅममध्ये. २०३ मिली नमुना आणि ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट घेतलं की ब्युरेटचा १ मिली म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम, त्यामुळे गणितात वेळ जात नाही. २०० पेक्षा तीन मिली जास्त का? दोन्ही रिएजंट घालताना बाटलीतून चार मिली नमुना बाहेर जातो, त्याची ती भरपाई.

केमिस्ट्रीच्या मुलाने लगेच ९.१ मधून ५.२ वजा केले, ३.९ लिहिले आणि वही मिटली. त्याच्या लेखी अंधारातली बाटली म्हणजे ब्लँक. ब्लँक वजा करायचा आणि विसरायचा, हे आम्हीच त्याला दोन वर्षं शिकवलंय. जोडीदारीण म्हणाली, "अरे, मग श्वास कुठे गेला?" ६.४ वजा ५.२, म्हणजे १.२. तीन तासांत त्या बाटलीतल्या सगळ्या जिवांनी मिळून वापरलेला ऑक्सिजन. तो आकडा त्याने वजाबाकीत गिळून टाकला होता. ९.१ वजा ६.४, म्हणजे २.७ ही निव्वळ वाढ, त्यात श्वासाचे १.२ मिळवले की एकूण निर्मिती ३.९. बेरीज जुळली तेव्हा त्याने वही पुन्हा उघडली.

संध्याकाळी मी आणि मैत्रीण बराच वेळ यावर बोललो. आमच्याकडे ब्लँक म्हणजे रसायनांची चूक काढून टाकायची युक्ती. तिच्याकडे कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी ठेवलेली खरी परिस्थिती, तिलाही स्वतःचं म्हणणं असतं. आम्ही वीस पावलांवर बसतो आणि मुलांना एकाच गोष्टीची दोन वेगळी नावं, दोन वेगळ्या सवयी शिकवतो. हे मला बारा वर्षांत कळलं नव्हतं. आता पहिल्या शनिवारी दोघी मिळून याच दोन शब्दांवर तासभर बोलायचं असं ठरलंय.

परीक्षा आणि हिशेब

परीक्षा पन्नास गुणांची. प्रत्येक जोडीला पाण्याची एक अनोळखी बाटली. डीओ काढा, स्लाइड पाहा, आणि हे पाणी सकाळचं की दुपारचं, तळ्याचं की खाडीचं, ते कारणासह सांगा. कारणाला गुण जास्त, उत्तराला कमी. बाह्य परीक्षक आधी साशंक होते. दोन मुलांची तोंडी घेतल्यावर त्यांनी चहा बाजूला ठेवला आणि स्वतः स्लाइड पाहायला उठले. पाच मुलांचं टायट्रेशन कच्चं आहे, दोघांनी आकडे सरळ शेजाऱ्याचे उतरवले. तेही इथे नोंदवते.

मंजूर एकतीस हजार चारशेपैकी अठ्ठावीस हजार सहाशे खर्च झाले. रिक्षा, दोरी, पिशव्या, वडापाव मिळून दोन हजार एकशे पन्नास आम्ही दोघींनी घातले. रिक्षाला पावती मिळत नाही. दुसऱ्यांदा कॉलेजची बस मागायची, निदान तीन आठवडे आधी. चोवीसपैकी चार बाटल्या फुटल्या, तीन बुचं हरवली, आणि डेड स्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) उरलेल्या बाटल्या कुठल्या विभागाच्या नावावर लावायच्या यावर अजून एकमत नाही. सध्या दोन्ही रजिस्टरांत दहा-दहा आहेत.

काल इंडेंट दिला : ३०० मिली, तिरकं घासलेलं बूच, नंबर कोरलेल्या, बारा नग. शेवटी सही करायला दोघींची नावं लिहिली. ऑफिसमधून फोन आला की इंडेंटवर एकाच विभागप्रमुखांच्या सहीची जागा आहे. मामांनी पट्टी घेऊन दुसरी रेघ आखून दिली.